पंपामागची डबी

आनंदाबाई आणि अनुसयाबाई यांचं बिनसलं ते मोबाइलवर आलेल्या एका लग्नपत्रिकेवरून. आता तुम्ही म्हणाल, यात बिनसण्यासारखं काय? आजकाल सगळ्यांच्याच पत्रिका मोबाइलवर येतात. खरं आहे. पण जिच्याबरोबर इतकी वर्षं एका पोत्यावर बसून भाकर खाल्ली, जिच्या डब्यातली वांग्याची भाजी न विचारता उचलली, त्या बाईनं पोरीच्या लग्नाची अक्षत घरी येऊन हातावर ठेवू नये? नुसता पत्रिकेचा फोटो पाठवावा आणि खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकावं? आनंदाबाईच्या मस्तकात तिडीक गेली.

"मी काय हिच्या बचत गटातली चाळीसावी बाई आहो का?" असं ती एकटीच घरात बोलली आणि मयुरीच्या लग्नाला गेली नाही. आहेराची साडी आणून ठेवलेली होती, ती पेटीत गेली. लग्न आटोपून अनुसयाबाई कामावर आली ती तोंड फुगवूनच. हिनंही फुगवलं. झालं!

दोघी ऑनलाइन मालाच्या कंपनीत सामान काढायच्या कामाला होत्या; तिथल्या जुन्या गोदामात हा अबोला टिकलाच नसता. ते वर्ध्यातलं पत्र्याचं गोदाम, उन्हाळ्यात भट्टी नुसती. पण दुपारी सगळ्या बाया गोल करून बसायच्या. कोणाचं कोणाशी वाजलं असेल तर तिथं एक रीत होती. दोघींपैकी एकीनं, काही न बोलता, दुसरीच्या डब्याच्या झाकणात आपल्यातलं काहीतरी टाकायचं. ठेच्याचं बोट, सांडग्याची भाजी, काहीही. दुसरीनं ते खाल्लं की भांडण मिटलं. माफी नाही, रडारड नाही. कितीतरी भांडणं त्या झाकणांवर मिटली.

पण लग्नानंतर लगेच जुनं गोदाम बंद पडलं आणि कंपनीनं सेलूच्या पुढं, हायवेला लागून, नवं उभारलं. पांढरंशुभ्र, आणि इतकं लांब की या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचं माणूस ओळखू येत नाही. आत माणसांना जायची मनाई. आत भरदिवसा मिट्ट अंधार, कारण आत फिरतात ती यंत्रं, आणि यंत्रांना कशाला हवाय उजेड! जमिनीवर ठिकठिकाणी चौकोनी खुणा चिकटवलेल्या असतात. पोटाखालच्या डोळ्यानं त्या खुणा वाचत चपटी यंत्रं पळत राहतात. बाया त्यांना कासव म्हणायच्या. कासव रॅकच्या खाली शिरतं, अख्खा रॅक पाठीवर उचलतं आणि अंधारातून खिडकीशी आणून उभा करतं. खिडकी म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यातला एक ओटा. त्यावर एक दिवा, एक पडदा आणि एक बाई. पडद्यावर वस्तूचं चित्र येतं, रॅकच्या नेमक्या कप्प्यावर उजेडाचा ठिपका पडतो. बाईनं वस्तू काढायची, खोक्यात टाकायची, हिरवं बटण दाबायचं. हा रॅक जातो, दुसरा येतो.

अशा खिडक्या दोनच. उगवतीकडची आनंदाबाईची, मावळतीकडची अनुसयाबाईची. मधे सगळा अंधार.

बरं, यंत्रांचा राग करावा तर तोही धड करता येईना. पूर्वी चालून चालून टाचा फुटायच्या, आता पाय दुखत नव्हते. पण दिवसभर तोंड उघडायचंच काम नाही. जेवायची सुट्टीदेखील कॉम्प्युटर ठरवून द्यायचा आणि दोन्ही खिडक्या एकदम बंद पडू नयेत म्हणून हिची आधी, तिची नंतर. हिची गाडी केळझरकडून यायची, तिची नालवाडीकडून, त्याही वेगवेगळ्या वेळी. आनंदाबाई स्वच्छ, पंखा लावलेल्या खोलीत एकटी बसून डबा खायची आणि समोरच्या रिकाम्या बाकाकडं पाहायची. घरी तरी कोण होतं? नवरा वारलेला, पोरगा चाकणला. तिथंही भिंतीच. कधी कधी तर ती कासवाशी बोलायची. "ये बाप्पा. आण. काय आणलं आज?" कासव ऐकायचं नाही, थांबायचंही नाही.

कोणाशी तरी भांडलो आहोत, हे सुद्धा एक नातंच वाटायला लागलं होतं तिला. त्या काळोखापलीकडं कुणीतरी आपल्यावर रुसून बसलं आहे. पण रुसवा तरी किती दिवस चघळायचा? नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापते नऊ दिवस, लागला, तेव्हा तिनं मनाशी ठरवलं की आता पुरे. पण घरी जाऊन पाय धरणार नाही. आपल्या रीतीनंच करू.

नवतप्यात वर्ध्यात काय विकतं? कूलर, आणि कूलरचे पंप. ऊन असं पडतं की जुन्या कूलरचा पंप नेमका तेव्हाच जळतो आणि माणूस फोनवरून पंप मागवतो. पंपाचे रॅक दिवसभर धावत होते. आता इथं, क्षणात तिथं. आनंदाबाईच्या डोक्यात आलं की हा रॅक तर एसटीसारखा आहे. पोरगा वर्ध्याला वसतिगृहात होता तेव्हा ती रोज सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ त्याचा डबा द्यायची. एकदाही चुकला नाही. मग हा रॅक कसा चुकेल? खिडक्या तर दोनच.

खिडकीत खायची वस्तू नेली तर कामावरून काढतात, अशी ताकीद होती. तरी एके दिवशी तिनं कैरीच्या ताज्या लोणच्याची लहानशी स्टीलची डबी कमरेला खोचून आत नेली. डबीच्या बुडावर तिचं नाव कोरलेलं होतं, लग्नातल्या भांड्यांवर असतं तसं. पंपाचा रॅक आला. त्याचा एक कोपरा चेपलेला होता, तेवढं तिनं ध्यानात ठेवलं. खालच्या कप्प्यात, पंपांच्या खोक्यांमागं, तिनं डबी सरकवली आणि हिरवं बटण दाबलं.

"जाजो नीट," ती कासवाला म्हणाली.

लोणचं पोचलं, एवढं कळलं म्हणजे तिला पुरे नव्हतं. तिला डबी परत हवी होती. आपल्याकडं दुसऱ्याचं भांडं कोणी रिकामं परत करत नाही. चिमूटभर साखर का होईना, घालतात. डबी परत आली, आत काही असलं, की मिटलं. डबी आलीच नाही, की नाही मिटलं. हा हिशेब अनुसयालाही ठाऊक होता, त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

पंपांचे रॅक येत राहिले. चेपलेल्या कोपऱ्याचा एकदा आला, तेव्हा तिनं आत हात घातला. डबी नव्हती! म्हणजे उचलली. आनंदाबाईला त्या दिवशी जेवण गोड लागलं. मग ती थांबली. आज येईल, उद्या येईल. तेवढ्यात आभाळ आलं, हवा गार झाली, लोकांनी कूलर बंद केले. पंपांचे रॅक यायचे थांबले आणि छत्र्या, रेनकोट, डासांच्या जाळ्या यांचे रॅक धावू लागले. तरीही ती वाट पाहत होती. पंपाच्याच रॅकवर कशाला, कोणत्याही रॅकवर ठेवता येते की डबी!

मग एका सकाळी गाडीचा ड्रायव्हर प्रेमदास सहज म्हणाला, "अनुसयाबाईच्या रुपेशचं लगन झालं ना परवा. आषाढाच्या आधीची शेवटची तिथी होती म्हणते. तुम्ही काऊन नाई दिसल्या?"

आनंदाबाई गाडीच्या खिडकीबाहेर पाहू लागली. रुपेश तिच्या डोळ्यांदेखत मोठा झालेला. आणि या वेळेस तर मोबाइलवरसुद्धा पत्रिका नाही! लोणचं खाल्लं, डबी गिळली आणि वर पोराच्या लग्नातून पुरतं काढून टाकलं. "मलेच हौस होती," ती पुटपुटली. इतकं अपमानित तिला कधीच वाटलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मावळतीच्या खिडकीत माणसाऐवजी यंत्राचा हात बसवायचं ठरलं. अनुसयाबाईचं काम संपलं. शेवटच्या दिवशी ती ओळखपत्र जमा करून गेटजवळ उभी होती, आपली गाडी केव्हाच निघून गेली तरी. आनंदाबाई बाहेर आली. अनुसयाबाई तिच्याकडं एकटक पाहत होती, काहीतरी विचारायचं असल्यासारखी. तिनं तोंड उघडलंही.

आनंदाबाईनं पदर सारखा केला, मान वळवली आणि गाडीत जाऊन बसली.

मावळतीच्या खिडकीतला हात म्हणजे पोलादी सोंड आणि पुढं हवेनं चिकटणारा टोपा. समोरचं खोकं उचलतो, खोक्यात टाकतो. मागं काय आहे, बाजूला काय आहे, त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ज्याचं चित्र दाखवलं तेवढंच पाहायचं. आता अख्ख्या गोदामात सामान काढणारं माणूस म्हणजे एकटी आनंदाबाई. पूर्वी अंधारापलीकडं रुसलेलं का होईना, कोणी होतं. आता तेही नाही.

यंत्रांची देखभाल करणारा स्वप्निल म्हणून एक इंजिनिअर होता. भला पोरगा, मावशी म्हणायचा. एकदा तिचा पडदा दुरुस्त करायला आला तेव्हा तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे पंपाचे रॅक कुठं गेले बाप्पा? दिसूनच नाई राह्यले."

"झोपले ते मावशी," स्वप्निल हसला. "ज्याले मागणी नाई, त्याले सिस्टीम रातोरात मागच्या कोपऱ्यात नेऊन ठेवते. मागणीचा माल पुढं, बिनमागणीचा मागं. आपोआप. कोणाले सांगा लागत नाई."

"मंग ते येत नाई का?"

"येतात ना. उन्हाळा लागला की."

आनंदाबाई मनात हिशेब करू लागली. कधीपासून जातात रॅक मागं? आभाळ आलं तेव्हापासून. म्हणजे अनुसयानं डबी परत ठेवली असेल, आणि त्याच वेळेस... नाही नाही. असं कसं होईल? पण होऊ शकतं की! तिच्या डोक्याला भुंगा लागला. अनुसयानं डबी ठेवली असेल तर मी तिच्याकडं गेटवर पाठ फिरवली, त्याला काय म्हणायचं? आणि ठेवली नसेल तर आता मी कोणत्या तोंडानं नालवाडीला जाऊन तिचं दार वाजवू? आधी कळलं पाहिजे. मागच्या कोपऱ्यात, अंधारात, त्या चेपलेल्या रॅकमधे माझी डबी आहे की नाही, एवढंच.

आत जायला मनाई. स्वप्निलला सांगावं तर नोकरी जायची. मग तिला एक युक्ती सुचली. शेजारच्या अंजूला हाताशी धरून तिनं भर श्रावणात फोनवरून कूलरचा पंप मागवला. ऑर्डर आली की रॅक येतोच ना!

"काकू, तुमच्याकडं कूलर कुठं आहे?" अंजूनं विचारलं.

"घेईन पुढं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीत बसली ती जीव मुठीत धरून. प्रत्येक रॅक अंधारातून येताना दिसला की ती आधी त्याचा कोपरा पाहायची. छत्र्या आल्या, राख्या आल्या, जाळ्या आल्या. पंप आला नाही. तिसऱ्या दिवशी तो तिच्या घरी मात्र आला, पुठ्ठ्याच्या खोक्यात, पट्टी अगदी सरळ रेषेत चिकटवलेली. मावळतीच्या हातानं भरलेला. ती ते खोकं मांडीवर घेऊन बराच वेळ ओसरीत बसली. मग पलंगाखाली सारून दिलं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली, थंडी गेली. तिच्या खिडकीत स्वेटर आले, पणत्या आल्या, हिटर आले. सणावाराला पोरगा फोन करायचा, घाईघाईनं. ती काम सोडू शकली असती. सोडलं नाही ते त्या रॅकसाठी, पण हे ती कोणाला सांगणार आणि कोण ऐकणार?

होळी झाली. ऊन तापायला लागलं. एका दुपारी पडद्यावर पंपाचं चित्र आलं आणि अंधारातून कासव येताना तिला आधी दिसला तो चेपलेला कोपरा.

उजेडाचा ठिपका खालच्या कप्प्यावर पडला. तिनं एक पंप काढला. मग खोक्यांमागं हात घातला. बोटांना थंड स्टील लागलं.

तीच डबी. बुडावर नाव. हलवली तर आत खुळखुळ वाजलं. झाकण घट्ट बसलं होतं, नखानं उघडेना, दातानं उघडलं. आत हळदीकुंकवात रंगवलेले तांदूळ होते, रंग थोडा उतरलेला. आणि मधोमध एक सुपारी.

अक्षत. रुपेशच्या लग्नाची अक्षत! तिनं साखर घातली नव्हती. ज्याच्यासाठी मी रुसले होते तेच घालून तिनं डबी परत केली होती. आनंदाबाईला एकदम गेटवरचा तो चेहरा आठवला, आणि तो काय विचारत होता तेही कळलं. या वेळेस तर अक्षत दिली होती वं, तरी नाई आली तू?

पडद्यावर लाल अक्षरं आली. कासव थांबलं होतं, त्याच्यामागं दुसरं, त्याच्यामागं तिसरं. हिरवं बटण दाबायला उशीर होत होता. आनंदाबाई ओट्याला धरून रडत होती, मोठ्यानं, आणि त्या एवढ्या मोठ्या गोदामात ते ऐकायला कोणी नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी तिनं पेटी उघडली. मयुरीच्या लग्नाची ती आहेराची साडी काढली. रुपेशसाठी टॉवेल-टोपी घेतली. सेलूहून बस बदलून नालवाडीला पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दार एका तरुण पोरीनं उघडलं. अंगात घरचा गाऊन, गळ्यात नवं मंगळसूत्र. रुपेशची बायको, आचल.

"अनुसया आहे का घरी?"

"आई तर सुरतले गेल्या, मयुरीताईकडं. ताईले जुळे झाले ना. आता तिकडंच राहीन म्हणतात." आचलनं तिच्या हातातल्या पिशवीकडं पाहिलं. "तुम्ही कोण?"

"आनंदाबाई. केळझरची. गोदामातली."

आचलचे डोळे विस्फारले. "तुम्हीच का त्या? माय वं! तुमच्यासाठी तर आईनं आमचे मंगलाष्टकं थांबवून ठेवलते! महाराज वरडून राह्यलते, मुहूर्त चालला म्हणून. आई म्हणे थांबा, आनंदा येऊन राह्यली, अक्षत दिली आहे म्या तिले. माया बाबानं रागानं विचारलं, कोण पाहुणी आहे एवढी मोठी? तरी आई दाराकडंच पाहून राह्यलत्या." तिनं दार पुरतं उघडलं. "त्या तुमच्या घरीच येणार होत्या अक्षत घेऊन. मंग म्हणे, तिनं डबी रॅकवर धाडली तर रॅकवरच जाऊ दे, तिले मजा वाटन."

आनंदाबाई उंबऱ्यातच बसली. मग तिनं डबी उघडली, चिमूटभर तांदूळ घेतले आणि बसल्या बसल्याच आचलच्या डोक्यावर टाकले. आचलनं वाकून नमस्कार केला.

"आईले फोन लावू का?" तिनं विचारलं.

फोन! फोनवरच्या एका पत्रिकेपायी हे सगळं झालं होतं. असल्या गोष्टी समोर बसून बोलायच्या असतात, हातावर हात ठेवून, असं आनंदाबाई जन्मभर म्हणत आली होती. पण सुरत काही तिच्या गाडीच्या वाटेवर नव्हती.

"लाव," ती म्हणाली.

पलीकडून लहान लेकराचं रडणं आलं आणि मग तो आवाज. "हं, बोल आचल."

"मी आनंदा."

पलीकडं नुसतं लेकरू रडत होतं.

"तुयी अक्षत भेटली वं मले," आनंदाबाई म्हणाली.

"कवा?"

"परवा."

लेकराला कोणीतरी अनुसयाबाईजवळून नेलं असावं, रडणं लांब गेलं. मग ती नाक पुसत म्हणाली, "मंगलाष्टकं झाले वं माय. पंगती पण उठल्या."

"मालूम आहे."

"काही खाल्लं का तू? उन्हातानाची गेली असशीन. आचल, तिले जेवाले वाढ. लग्नाचं जेवण राह्यलं तिचं. आणि आनंदे, फोन ठेवू नको. मी पण ताट घेते."

आचलनं घरात होतं ते वाढलं, पोळी, वांग्याची भाजी आणि ठेचा. फोन पाण्याच्या गडव्याला टेकवून ताटासमोर उभा केला. सुरतेला ताट ठेवल्याचा आवाज आला. आनंदाबाईनं ठेच्याचं बोट उचललं, सवयीनं पुढं केलं, आणि समोर झाकण नाही हे ध्यानात आल्यावर तसंच धरून बसली.

"काऊन थांबली?" अनुसयाबाईनं विचारलं.

"काही नाई," आनंदाबाई म्हणाली. "तू जेव."